किमान आठ, कमाल वीस

दुधाच्या टाकीचं तापमान पंच्याऐंशी अंश दाखवतंय असा फोन आला, तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. फोन जयपूरपासून दोन तासांवरच्या एका दूध संकलन केंद्रातून होता. तिथले मॅनेजर अतिशय सभ्य गृहस्थ. "मैडमजी, आपकी मशीन कह रही है कि दूध उबल रहा है," ते म्हणाले, "पर मैंने उँगली डालकर देखा है, ठंडा है." बोट घातल्याचं त्यांनी मला सांगायला नको होतं. पण माणूस प्रामाणिक होता, आणि त्या दिवशी तरी आमच्या यंत्रापेक्षा त्याचं बोट जास्त भरवशाचं होतं. मी डबा झाकून ठेवला.

जयपूरच्या मालवीय नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या खालच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. दूध गार ठेवणाऱ्या टाक्यांचे कंट्रोलर आम्ही बनवतो. प्रत्येक कंट्रोलरमध्ये एक छोटी ऑपरेटिंग सिस्टम असते आणि तिच्या गाभ्यात कर्नल, म्हणजे कुणी कधी काम करायचं आणि कधी गप्प पडून राहायचं हे ठरवणारा भाग. जगात फुकट मिळणारे चांगले कर्नल असताना आम्ही आमचा स्वतःचा का लिहिला, याचं उत्तर सर, म्हणजे आमचे मालक, दर वर्षी वेगळं देतात. मी तिथे अकरा वर्षं आहे, त्यामुळे मला अकरा उत्तरं माहीत आहेत.

पंच्याऐंशीचं कोडं संध्याकाळपर्यंत सुटलं. टाकीतल्या सेंसरला तापमान विचारलं की त्याला मोजायला पाऊण सेकंद लागतो. विचारणाऱ्या प्रोग्रॅमने तेवढा वेळ झोपून राहायचं आणि मग उत्तर घ्यायचं. पण कर्नलमध्ये झोपेचे दोन प्रकार असतात. एक, कुणी कितीही दार वाजवलं तरी न मोडणारी. दुसरी, कुणी जरा खाकरलं तरी मोडणारी. ज्या कुणी हा भाग लिहिला होता, त्या शहाण्याने दुसरी वापरली होती. झोप मध्येच मोडली तर 'अजून एवढी शिल्लक होती' असं कर्नल सांगतो, तेही त्याने बघितलं नव्हतं. केंद्रावर कुणीतरी बटण दाबलं, प्रोग्रॅम दचकून उठला आणि सेंसरला म्हणाला, झालं का, बोल. सेंसरचं मोजून झालेलं नव्हतं. अशा वेळी द्यायला त्याच्याकडे कारखान्यातूनच घालून दिलेलं एक उत्तर असतं. पंच्याऐंशी. त्याला खोटं बोलायचं नसतं. घाईने विचारलं म्हणून जवळ होतं ते त्याने देऊन टाकलं.

हा शहाणा कोण ते मी जुन्या नोंदींत शोधलं. मीच निघाले. नऊ वर्षांपूर्वीची मी.

सरांना सांगितलं तेव्हा ते कचोरी खात होते, त्यामुळे रागावले नाहीत. "हमारे यहाँ सोने के कुल कितने तरीक़े हैं?" त्यांनी विचारलं. मोजले तर सात निघाले. सात जणांनी सात वेळा लिहिलेली सात फंक्शनं. एकाला वेळ मायक्रोसेकंदात सांगावा लागे, एकाला मिलिसेकंदात, एकाला सरळ सेकंदात. एक तर झोपतच नसे. ते जागच्या जागी आकडे मोजत बसे आणि तेवढा वेळ प्रोसेसर दुसऱ्या कुणालाही वापरू देत नसे. आणखी एकाच्या नावाचा अर्थ 'थोडं थांब' असा होता. थोडं म्हणजे किती, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. "एक साफ़-सुथरा सेट बना दीजिए, जिसमें कोई ग़लती कर ही न सके," सर म्हणाले. "दो दिन का काम है." ते काम दोन महिने चाललं.

याच सुमारास बाबांना दवाखान्यातून घरी आणून पाच आठवडे झाले होते.

बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. मी सहावीत असताना त्यांची साताऱ्याहून जयपूरला बदली झाली. तीन वर्षांसाठी आलो होतो, त्याला आता एकतीस वर्षं झाली. निवृत्तीनंतर त्यांनी दुर्गापुऱ्यात फ्लॅट घेतला. सध्या तिथे आम्ही चौघं राहतो: आई, बाबा, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी. नवरा नोकरीसाठी पुण्यात असतो आणि महिन्यातून एकदा येऊन गॅसचा पाइप तपासतो.

नोकरीभर बाबा क्लेमच्या टेबलावर होते. घरातलं माणूस गेलं की मागे राहिलेले लोक कागदांची पिशवी घेऊन ज्यांच्यासमोर येऊन बसतात, ते बाबा. त्या टेबलाबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. बाकी जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे, आणि कुणी ऐकत नसलं तरी बोलायचे. आईची त्यांच्याबद्दल एकच कायमची तक्रार होती. हा माणूस मनगटावरचं घड्याळ ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये विसरून येतो. आठवड्यातून दोनदा तरी. मग शिपाई सायकलवरून "साहब की घड़ी" घेऊन यायचा, आई त्याला चहा द्यायची आणि म्हणायची, "भैया, इनका ध्यान कहाँ रहता है?" निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने त्यांना घड्याळच भेट दिलं. सगळे खूप हसले. बाबाही हसले.

पक्षाघाताच्या झटक्यानंतर त्यांचा उजवा हात अधू झाला, चाल बऱ्यापैकी परत आली, पण बोलणं गेलं. म्हणजे सगळं गेलं नव्हतं. काय म्हणायचंय ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं, आपलं सगळं कळायचं, फक्त शब्द आतून वर यायला वेळ लागायचा. त्यांच्याकडून बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या हसतमुख होत्या, चित्रांची कार्डं दाखवायच्या आणि बाबांनी "वांगं" म्हटलं की 'बैंगन नहीं बोल पाए' असं वहीत लिहायच्या. आईने त्यांना एकदा समजावलं, मग त्यांनी स्वतःच्या वहीत मराठी भाज्यांची यादी लिहून घेतली. त्या बाईंनी मला दारात सांगितलं ते मात्र मी विसरले नाही. "अभी के महीने ही असली हैं. कोशिश छोड़ देंगे ना, तो फिर चुप रहने की आदत पड़ जाएगी. फिर मुश्किल है."

आणि बाबा प्रयत्न सोडायला लागले होते. ते मला दिसत होतं. आधी ते तोंड उघडायचे, मग नुसता डावा हात करून दाखवायला लागले, आणि पुढे पुढे हातही कमी करायला लागले. माझ्या बापाला गप्प बसलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी चिडते, म्हणून घरात सगळ्यांवर चिडत होते.

एक शब्द मात्र त्यांना कधीही, लगेच, स्वच्छ यायचा. "चालेल."

बाबांनी काही सांगायला तोंड उघडलं की आम्ही तिघी तुटून पडायचो. मुलगी क्विझ घ्यायची. "आजोबा, ऑप्शन ए पाणी, ऑप्शन बी टीव्ही, मतलब सांगा ना, ए की बी?" आई म्हणायची, "कळलं हो, पंखा बंद करायचाय." माझी तऱ्हा सगळ्यात वाईट. मी त्यांचं वाक्य क्रियापदासकट पूर्ण करून त्यांच्या हातात द्यायचे. बाबा आमच्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "चालेल." मग आम्ही खूश. त्या 'चालेल'वर आम्ही तीन आठवडे रोज सकाळी त्यांना दलिया खाऊ घातला. बाबांना दलिया आवडत नाही हे मला लहानपणापासून माहीत आहे.

हे मला कळलं ते मालवीय नगरच्या सिग्नलला, स्कूटरवर. डोक्यात सेंसर होता, आणि एकदम बाबा आले. मोजून व्हायच्या आत विचारलं की पंच्याऐंशी. सांगून व्हायच्या आत विचारलं की चालेल. आम्ही पाच आठवडे त्या माणसाचं पंच्याऐंशी घेऊन घर चालवत होतो. सिग्नल कधी हिरवा झाला ते मला कळलं नाही. मागच्याने हॉर्न वाजवला आणि माझ्या खानदानाबद्दल काहीतरी बोलला.

पुढच्या वेळी मी सराव घेणाऱ्या बाईंना विचारलं, "उनके जवाब के लिए कितना रुकना चाहिए?"

"जितना लगे," त्या म्हणाल्या.

आमच्या धंद्यात याला उत्तर म्हणत नाहीत. 'थोडं थांब' नावाच्या फंक्शनने आमची काय गत केली होती ते मी ताजं ताजं बघितलं होतं. म्हणून मी मोजलं. चार दिवस बाबांच्या शेजारी वही घेऊन बसले आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत नोंदी केल्या. पाणी, चार सेकंद. पेपर, सहा. नातीचं नाव, सात. माझं नाव, अकरा, आणि ते मी मनाला लावून घेतलं नाही.

तिकडे ऑफिसात फंक्शनांचा आराखडा आकार घेत होता. सातांची तीन केली. वेळ कमी असेल, मध्यम असेल, जास्त असेल, त्याप्रमाणे आतल्या आत कोणती पद्धत वापरायची ते फंक्शनच ठरवील, वापरणाऱ्याने फक्त वेळ सांगायचा. पहिलं वचन मी मोठ्या अक्षरांत लिहिलं: सांगितलेल्या वेळेच्या आधी कधीही उठणार नाही. उशीर झाला तर चालेल, आधी नाही. सरांनी विचारलं, "लेट कितना?" प्रश्न रास्त होता. उशिराला थोडी सूट दिली की कर्नल दोनचार जणांना एकदमच उठवू शकतो, आणि प्रोसेसरला सारखं सारखं उठावं लागत नाही. आमच्या आईला सकाळी दूधवाला, पेपरवाला आणि कचऱ्याची गाडी यांनी दहा मिनिटांच्या आत यावं असं वाटतं ते याचसाठी; तिला सोफ्यावरून एकदाच उठायचं असतं. पण सूट किती, तेही सांगितलेलं बरं. तेव्हा प्रत्येक फंक्शनला दोन आकडे द्यायचे ठरले. किमान आणि कमाल.

मी तेच दोन आकडे घरी आणले. फ्रिजवर कागद चिकटवला: 'बाबा बोलत असताना किमान आठ सेकंद कुणीही तोंड उघडायचं नाही. वीस सेकंद झाल्यावर मदत करायला हरकत नाही.' मुलीने खाली स्केचपेनने 'नो चीटिंग' लिहिलं. आई कागद वाचून म्हणाली, "तुझ्या बापाला तू टाकीला जोडणार आहेस का?" पण तिनेही पाळलं.

पहिला आठवडा फसला. आठ सेकंद आम्ही तिघी बाबांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायचो. मुलगी ओठ हलवून मनात आकडे म्हणायची. बाबांना घाम फुटायचा. सरावाच्या बाई एकदा हे बघून म्हणाल्या, "अरे, यह तो इंटरव्यू हो गया." हे मला कळायला हवं होतं. जागच्या जागी आकडे मोजत बसणारं फंक्शन मी त्याच आठवड्यात ऑफिसातून हद्दपार करत होते, आणि घरी तेच चालवत होते. थांबायचं तर दुसऱ्या कामाला लागायचं, हे तिथे मी सगळ्यांना शिकवत होते. दिवस मटारचे होते. जवळच्या बस्सी गावचे मटार पाच किलो आणले, परात डायनिंग टेबलवर ठेवली, आणि बाबा बोलायला लागले की सगळ्यांनी खाली बघून मटार सोलायचे असा फ्रिजवर आणखी एक नियम आला.

याचा गुण आला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वाटीकडे बघितलं आणि चौदाव्या सेकंदाला म्हणाले, "दलिया... नको." आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने तो दलिया वाया कसा घालवायचा म्हणून मला खायला लावला.

त्यानंतर दोन शब्द येऊ लागले, कधी तीन. मग गाडी अडली. तीन शब्दांच्या पुढे काही सरकेना. बाबा सुरुवात करायचे, घुटमळायचे, आणि मग तेच "चालेल" म्हणून मान वळवायचे. मी वही काढून बघितली. 'चालेल' दर वेळी पंधरा ते वीस सेकंदांच्या मध्ये येत होतं. एकदाही पंधराच्या आधी नाही, एकदाही विसाच्या पुढे नाही. इतकी स्वच्छ नोंद मला ऑफिसातही कधी मिळाली नव्हती. मी त्यावरून अनुमान काढलं की वीस सेकंद ही बाबांची ताकद आहे, त्याहून लांब वाक्य त्यांना झेपणार नाही, आणि आता बहुधा एवढंच. तसं मी वहीत लिहिलंसुद्धा. लिहून झाल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले आणि परत येऊन त्याखाली रेघ मारली.

तो रविवार होता. सकाळचे दहा वाजले असतील. ऊन टेबलापर्यंत आलं होतं. बाबा टेबलच्या टोकाला, आई आणि मुलगी समोर, मी बाबांच्या शेजारी, मध्ये मटारची परात. बाबांनी तोंड उघडलं.

"घ..."

आम्ही माना खाली घातल्या. मी शेंग उचलली. हाताची बोटं शेंगेत आणि नजर मनगटावर, ही कसरत मला एव्हाना जमायला लागली होती. आठ झाले. बारा. सोळा.

"घ..."

वीस झाले. "घरी?" मी म्हणाले. "घरीच आहात बाबा तुम्ही. दवाखान्यात नाही."

"घी!" मुलगी म्हणाली. "मतलब तूप. आजोबांना पोळीला तूप हवंय."

बाबांनी डावा हात टेबलावर आपटला. परात उडाली, चारपाच शेंगा खाली पडल्या. आयुष्यात त्यांनी माझ्यासमोर कधी टेबलावर हात आपटला नव्हता. मग तो हात त्यांनी माझ्या मनगटावर ठेवला आणि घड्याळाच्या काचेवर बोटाने दोनदा टकटक केलं.

"काढ," ते म्हणाले.

मी घड्याळ काढलं आणि मटारच्या सालांत ठेवलं. मला अजून काही कळलं नव्हतं. बाबांनी श्वास घेतला. आई काहीतरी म्हणणार होती. मी तिच्याकडे बघितलं आणि ती थांबली. आम्ही सोलायला लागलो.

"क्लेमला... माणसं येतात," बाबा म्हणाले. बराच वेळ गेला. परातीत दाणे पडत होते. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला, परत आला. "आपण... घड्याळ बघितलं... की..."

मुलीने एक शेंग सोलून झाल्यावर त्याच शेंगेची साल पुन्हा सोलायला घेतली.

"की ती... आवरतं घेतात," बाबा म्हणाले. "सांगायचं... राहून जातं." मग खूप वेळाने, आता संपलं असं वाटल्यानंतर, "म्हणून... ड्रॉवरमध्ये."

याला एकूण किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. घड्याळ सालांत होतं.

मला लाज वाटली, ती शब्दांत नीट सांगता येत नाही. पंधरा ते वीस सेकंदांच्या मध्ये येणारं ते 'चालेल' म्हणजे बाबांची ताकद नव्हती. पंधराव्या सेकंदापासून मी पुन्हा पुन्हा मनगटाकडे बघायला लागायचे, ते त्यांना दिसायचं, आणि समोरच्याचा खोळंबा नको म्हणून ते आवरतं घ्यायचे. एवढी स्वच्छ नोंद आली होती ती माझ्या मानेची. मी बाबांना मोजतच नव्हते. हातातले दाणे परातीत टाकून आई "चहा टाकते" म्हणाली आणि आत गेली, आणि बराच वेळ चहा झाला नाही.

संध्याकाळी मी फ्रिजवरचा कागद काढला.

सोमवारी ऑफिसात मी सेंसरचं माहितीपुस्तक पहिल्यापासून वाचलं. नऊ वर्षांपूर्वी मी त्यातलं 'पाऊण सेकंद लागतो' एवढंच वाचून पुस्तक मिटलं होतं. पुढच्याच पानावर लिहिलेलं होतं की मोजून झालं की सेंसर स्वतः सांगतो. त्याला फक्त ऐकणारं कुणी पाहिजे. मी पाऊण सेकंदाची झोप तिथून काढून टाकली आणि तो 'झालं' म्हणेपर्यंत थांबणारा कोड लिहिला. मग तिन्ही नव्या फंक्शनांच्या डोक्यावर, किमान-कमालच्या वचनाच्याही आधी, एक सूचना घातली: 'ही फंक्शनं फक्त वेळ जाऊ देण्यासाठी आहेत. कुणाचं काम पूर्ण होण्याची वाट बघत असाल तर ही वापरू नका.'

सरांनी ती दोनदा वाचली. "मतलब, दो महीने लगाकर आपने फ़ंक्शन बनाए, और पहली लाइन में लिखा है कि मत इस्तेमाल करो?"

"जी," मी म्हणाले.

"और सेंसर मर ही गया हो तो? बैठे रहेंगे ज़िंदगी भर?"

हाही प्रश्न रास्त होता. मेलेल्या सेंसरसाठी दहा सेकंदांची मर्यादा ठेवली आणि त्यानंतर टाकीवर लाल दिवा. सेंसर आणि माणूस यांच्यात तेवढा फरक असावा असं माझं मत आहे. सरांनी मंजुरी दिली. दूध केंद्राच्या मॅनेजरांचा पुन्हा फोन आला तो आठवड्याने, आता चार अंश दाखवतंय असं सांगायला. बोटाने तपासलं का, ते मी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा मटार आणले. आधीचे अजून संपले नव्हते, पण आईनेच पिशवी पुढे केली. आठवडाभर ती बाबांशी जेवढ्यास तेवढं बोलत होती. भांडण नव्हतं. तिला काहीतरी पचायचं बाकी होतं आणि तिचं पचन पहिल्यापासून मंद आहे. टेबलाशी बसल्यावर तिने एक शेंग उचलली, परत ठेवली, आणि बाबांकडे वळली.

"अहो, एवढी वर्षं मी तुम्हाला विसरभोळे म्हटलं," ती म्हणाली. "शिपायासमोर म्हटलं. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांसमोर म्हटलं, आणि तुम्ही हसलात. मला का नाही कधी सांगितलंत?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

"तू..." ते म्हणाले.

आईने परात जवळ ओढली. मुलीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाठ करून खुर्ची फिरवली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही तिघी मटार सोलायला लागलो.